संग्रहालयांतल्या कॅफेंची एक्सेल शीट आहे, तिची ऑनलाइन डिरेक्टरी कशी बनवू?

प्रश्न थोडक्यात असा होता: "महाराष्ट्रातल्या संग्रहालयांमधल्या आणि आसपासच्या कॅफेंची सुमारे तीनशे ओळींची शीट मी जमवली आहे. नाव, पत्ता, फोन, वेळ, शेरा एवढे कॉलम आहेत. कोडिंग येत नाही. यातून वेबसाइट कशी करू आणि खर्च किती येईल?"

वेबसाइटची काळजी सगळ्यात शेवटी करा, ती दोन संध्याकाळींत होते. मला नुसती शीट निस्तरायला अडीच महिने लागले, आणि माझी शीट तुमच्यापेक्षा लहान होती, चौसष्ट ओळींची. वर मी एका सीएच्या ऑफिसात कामाला, म्हणजे सकाळी दहा ते रात्री आठ शीटमध्येच तोंड. तरी ही गत झाली.

मी मूळची परभणीची, सध्या छत्रपती संभाजीनगरात. यादी सुरू झाली ती वडिलांमुळे. रिटायर झाल्यापासून त्यांना जुनी नाणी, मूर्ती, शिलालेख बघायचं वेड लागलंय. पण शुगर आहे आणि गुडघे गेलेत. तासभर फिरलं की बसायला खुर्ची, बिनसाखरेचा चहा आणि स्वच्छतागृह, या तिन्ही गोष्टी लागतातच. एकदा आम्ही तेरला गेलो. धाराशिव जिल्ह्यातलं हे गाव गोरोबाकाकांचं म्हणून सगळ्यांना ठाऊक असतं, पण सातवाहनांच्या काळात रोमशी व्यापार करणारं तगर ते हेच. तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे शासकीय वस्तुसंग्रहालयात मातीच्या मूर्ती, मणी, शंखाच्या बांगड्या बघण्यात वडील इतके रमले की दोन तास खाली टेकले नाहीत. बाहेर आल्यावर म्हणाले, "आता चहा कुठं?" मोबाइलवर एक 'कॅफे' दिसत होता. तिथवर त्यांना चालवत नेलं तर मोबाइल रिचार्जचं दुकान, तेही शटर ओढलेलं. त्या शटरच्या पायरीवरच बसलो. शेजारच्या घरातल्या मावशींनी आम्हाला बघून आपणहून तांब्याभर पाणी आणून दिलं, आणि मग चहाही. त्या रात्री शीटची पहिली ओळ लिहिली.

आता तुमच्याकडे वळते. तुमच्या शीटमधली एक ओळ म्हणजे नेमकं काय, हे आधी ठरवा. संग्रहालय, की कॅफे? प्रश्न पोरकट वाटेल, पण माझं निम्मं काम याच ठिकाणी अडलं होतं.

संग्रहालयात उपाहारगृह असावं ही कल्पना लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाची. तिथली १८६० च्या दशकातली सजवलेली तीन दालनं अजून कॅफे म्हणून वापरात आहेत. आमच्या मराठवाड्यात त्या अर्थाचा कॅफे शोधायला निघालात तर शीट बहुतेक कोरीच राहील. आमच्याकडं संग्रहालयाचा कॅफे म्हणजे फाटकासमोरची टपरी, रसवंती, नाहीतर बसस्टँडकडच्या हॉटेलातली सुशीला (चुरमुऱ्यांचा पदार्थ) आणि भजी. म्हणून मी 'कॅफे' या शब्दावर अडून न बसता 'जागा' असा एक कॉलम केला आणि त्यात तीनच शब्द चालतील असं ठरवलं: आवारात, फाटकाशी, चालत. आवारात म्हणजे तिकीट काढल्यावरच पोचता येतं असं. हा फरक लिहिला नाही तर बाहेरच्या माणसाला चहासाठी तिकीट पडतं आणि आतल्याला चहासाठी बाहेर यावं लागतं. चिडतात दोघंही.

याचा खरा धडा अजिंठ्याला मिळाला. (लेणी म्हणजे संग्रहालय नव्हे, मान्य. वडिलांना मान्य नाही, म्हणून यादीत आहेत.) आपली गाडी फर्दापूरच्या टी-पॉइंटला (म्हणजे तिठ्याला, चहाशी संबंध नाही) ठेवायची आणि तिथून एसटीच्या बसने चारेक किलोमीटर आत जायचं. खाण्याचे बरेच स्टॉल या टी-पॉइंटला. मी भाबडेपणाने त्या सगळ्यांपुढे 'अजिंठा लेणी' असं लिहून ठेवलं होतं. लेण्यांसमोर उभ्या असलेल्या दमलेल्या माणसाच्या ते काय कामाचं? मग 'अंतर' हा कॉलम काढून 'चालत किती मिनिटं' असा केला. बसने जावं लागत असेल तर तिथं शून्य नाही, 'बस' असं लिहायचं.

दुसरी अडचण अशी की एकच टपरी दोन ठिकाणांना लागू पडते. बीबी का मकबरा आणि पाणचक्की, दोन्हीकडे जाणारा माणूस मधल्या एकाच ठिकाणी थांबू शकतो. एका ओळीत एक संग्रहालय आणि एक कॅफे असं लिहीत गेलात तर त्या टपरीची ओळ दोनदा येते. उद्या तिची वेळ बदलली की एका ठिकाणी दुरुस्त होते, दुसरीकडे तशीच राहते. म्हणून एकाच शीटचे तीन टॅब करा. पहिल्यात फक्त संग्रहालयं. दुसऱ्यात फक्त खाण्यापिण्याची ठिकाणं. तिसरा 'जोड्या': या क्रमांकाचं संग्रहालय, त्या क्रमांकाची टपरी, चालत इतकी मिनिटं. आम्ही ऑफिसात पार्टीचं लेजर आणि व्हाउचर वेगळं ठेवतो, तसंच हे.

त्यासाठी प्रत्येक ओळीला कायमचा क्रमांक लागतो. अ.क्र. नाही, अ.क्र. ओळ सरकली की बदलतो. सं-०१७, ख-०४२ असं काहीतरी द्या आणि ते जन्मात बदलू नका. भाच्याला एकदा कौतुकाने शीट दाखवली, तर त्याने नावांचा कॉलम तेवढा निवडून अकारविल्हे लावून टाकला. नावं सरकली, फोन नंबर जागेवर. चार दिवसांनी वेळ विचारायला पैठणच्या हॉटेलला फोन लावला तर पलीकडून माहूरचा माणूस बोलतोय, आणि तो बिचारा संग्रहालय सोमवारी बंद असतं वगैरे मनापासून सांगतोय. दोन मिनिटं आम्ही एकमेकांना पत्ताच समजावत होतो. गुगल शीट्सच्या व्हर्जन हिस्ट्रीत मागची प्रत सापडली म्हणून वाचले. नुसती एक्सेल फाइल पेनड्राइव्हवर असती तर बसले असते चौसष्ट फोन करत.

आता साफसफाई. तुमची शीट मी पाहिलेली नाही, पण मराठीत भरलेली शीट असेल तर पुढच्यांपैकी निम्म्या गोष्टी तिच्यात सापडतील.

जिल्ह्याच्या कॉलममध्ये मर्ज केलेले सेल आणि खाली ओळीने "वरीलप्रमाणे" किंवा नुसती दोन टिंबं. माणसाला कळतं, मशीनला नाही. मर्ज काढा, प्रत्येक ओळीत जिल्हा पुन्हा लिहा.

कुणी कृतिदेव किंवा श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून दिलं असेल तर तो मजकूर फक्त त्या फॉन्टपुरता मराठी दिसतो. वेबसाइटवर भलतीच अक्षरं येतील. आधी युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोन-संगणकावर सारख्या दिसणाऱ्या मराठीत, बदलून घ्या, आणि बदलल्यावर र्‍हस्व-दीर्घ आणि रफार डोळ्यांनी तपासा. हे काम यंत्रावर सोडू नका.

एक्सेल तुमच्या भल्यासाठी म्हणून जे करतं त्यापासून फार सांभाळा. टपरीची वेळ इंग्रजी अंकांत सात डॅश अकरा अशी टाकलीत की तिची ७ नोव्हेंबर होते. हसू नका, याच खोडीमुळे शास्त्रज्ञांनी २०२० मध्ये काही मानवी जनुकांची नावंच बदलून घेतली, कारण एक्सेल त्यांच्या तारखा करत होतं. संभाजीनगरचा एसटीडी कोड ०२४० आहे, त्याचं पुढचं शून्य गळून २४० उरतं. मोबाइलच्या आधी ९१ लावलेला बारा आकडी नंबर मधेच दशांश चिन्ह आणि ई अक्षर घेऊन आखडतो, आणि तशीच सीएसव्ही (स्वल्पविरामांनी कॉलम तोडलेली साध्या मजकुराची फाइल) सेव्ह केलीत तर शेवटचे आकडे कायमचे गेले. डेटा चिकटवण्याच्या आधी ते कॉलम 'प्लेन टेक्स्ट' करा. नंतर करून उपयोग नाही. सेव्ह करताना 'सीएसव्ही यूटीएफ-८' हाच प्रकार निवडा, नाहीतर सगळं देवनागरी चिन्हांच्या कचऱ्यात जाईल.

वेळेचा एक कॉलम ठेवू नका. उघडण्याची, बंद होण्याची आणि साप्ताहिक सुट्टी, असे तीन करा. संग्रहालयाची सुट्टी वेगळी, खाण्याच्या ठिकाणाची वेगळी. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी. एका ट्रिपमध्ये दोन्ही करणाऱ्याला हा एक कॉलम बाकी सगळ्या माहितीपेक्षा मोलाचा.

गावांची नावं हा आमच्याकडं स्वतंत्र विषय आहे. २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं. तुमचं मत काहीही असो, शोधणारा माणूस दोन्ही नावांनी शोधतो. शिवाय वेरूळ, वेरुळ, एलोरा, अजिंठा, अजंता, पाणचक्की, पनचक्की. मी 'दाखवायचं नाव' हा एक कॉलम ठेवला आणि 'इतर नावं' या दुसऱ्या कॉलममध्ये बाकी सगळी स्वल्पविराम देऊन लिहिली. शोध दोन्ही कॉलमांत चालतो. हे केल्यावर "तुमच्या यादीत वेरूळ नाहीच" हे मेसेज बंद झाले.

त्यातही एक खास मराठी भानगड आहे. 'पायऱ्या' या शब्दातला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो: एकात नुक्त्याचा ऱ वापरतात, दुसऱ्यात साध्या र ला एक न दिसणारं जोडचिन्ह लागतं. पडद्यावर दोन्ही सारखेच, मशीनच्या लेखी दोन वेगळे शब्द. माझ्या यादीत 'पायऱ्या' शोधलं की अर्धीच ठिकाणं यायची, आणि वडिलांच्या गुडघ्यांसाठी नेमका तोच शब्द महत्त्वाचा. शेवटी फाइंड-रिप्लेसने एकच पद्धत केली. तासाभराचं काम, पण कारण सापडायला आठवडा गेला.

नकाशावर टिंब हवं असेल तर अक्षांश आणि रेखांश लागतील. पत्त्यावरून ते आपोआप काढायच्या नादी लागू नका. "बसस्टँडच्या मागं, मारुतीच्या देवळासमोर" हा पत्ता आमच्याकडं अगदी पक्का असतो, पण कुठल्याही संगणकाला तो सापडत नाही. जागेवर उभं राहा, फोनच्या नकाशावर बोट दाबून धरा, आकडे उतरवा. दशांशानंतर चार आकडे घ्या, म्हणजे दहा-अकरा मीटरपर्यंत बरोबर येतं. दोनच घेतलेत तर किलोमीटरभर चुकू शकतं. आणि दोन आकड्यांची अदलाबदल तपासा. मी सोनेरी महालाजवळच्या चहावाल्याचे आकडे उलटे टाकले होते. अक्षांश १९.९ आणि रेखांश ७५.३ असायला हवा, झालं उलटं, आणि आमचे चहावाले मामा केटलीसकट नॉर्वेच्या उत्तरेला, बेअर आयलंडच्या पलीकडच्या समुद्रात. तुमची यादी महाराष्ट्राची आहे, तर साधा नियम लावा: अक्षांश १५ ते २३ मध्ये आणि रेखांश ७२ ते ८१ मध्ये नसेल तर सेल लाल. डेटा व्हॅलिडेशनमध्ये दोन मिनिटांत होतं.

एवढं झालं की वेबसाइट. कोडिंग येत नाही म्हणता, तर पहिली पायरी गुगल माय मॅप्स. शीट तिथं आयात करा, अक्षांश-रेखांशाचे कॉलम दाखवा, नकाशा तयार. एका थरात दोन हजार ओळी मावतात, तुम्हाला तीनशेच लागणार. खर्च शून्य. बऱ्याच जणांचं काम इथंच भागतं. भागत असेल तर थांबा, पुढचं वाचूही नका.

प्रत्येक ठिकाणाचं वेगळं पान हवं असेल, म्हणजे गुगलवर "पैठण संग्रहालय चहा" असं शोधणाऱ्याला तुमचं पान सापडावं असं वाटत असेल, तर शीटमधून पानं आधीच तयार करून ठेवणं बरं. दुसरा मार्ग असा की पान उघडल्यावर ब्राउझरने शीट वाचायची. तो सोपा आहे, पण लेण्यांच्या पायथ्याशी रेंजची एकच कांडी असते आणि तिथं तुमचं पान नुसतं गोल-गोल फिरत बसतं. मी पायथन या संगणकाच्या भाषेत चाळीसेक ओळींची स्क्रिप्ट (छोटा प्रोग्राम) केली: तिन्ही टॅब वाचते, जोडते, प्रत्येक संग्रहालयाचं एक साधं पान लिहून देते. ती पानं गिटहब पेजेस या वेबपानं ठेवायच्या सेवेवर फुकट ठेवली आहेत. नकाशासाठी लीफलेट (पानावर नकाशा दाखवणारं तयार कोड) आणि ओपनस्ट्रीटमॅप (लोकांनी मिळून केलेला खुला नकाशा), तेही फुकट. फक्त नकाशाच्या कोपऱ्यात ओपनस्ट्रीटमॅपचं श्रेय दिसलंच पाहिजे. स्वतःच्या नावाचं डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, घेतलंत तर त्याचे वर्षाला पैसे, बाकी काही नाही. पानाचा पत्ता मात्र रोमन अक्षरांत ठेवा. 'पैठण' हे चार चिन्हांचं नाव लिंकमध्ये कॉपी केलं की छत्तीस अक्षरांची शेपटी होते आणि व्हॉट्सअॅपवर लोकांना तो व्हायरस वाटतो.

अशी स्क्रिप्ट हल्ली एआय लिहून देतो, त्याला माझी हरकत नाही. पण रिकामे सेल त्याला भरायला सांगू नका. मी एकदा सांगितलं, तर त्याने सगळ्या टपऱ्यांना सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा अशी सरकारी वेळ देऊन टाकली. रिकामा सेल रिकामाच दाखवा. "वेळ माहीत नाही, फोन करून जा" असं छापलं तर कुणी रागावत नाही. गुगल मॅप्सवरचे लोकांचे रिव्ह्यू आणि फोटो उचलून आपल्या पानावर लावायचे नाहीत, हेही लक्षात असू द्या.

'शेरा' हा तुमचा कॉलम. माझ्याकडंही होता. तो माझ्यापुरता होता, म्हणून त्यात मनातलं लिहिलं होतं: "चहा पांचट", "मालक चिडका, सुट्टे घेऊन जा". शीट 'पब्लिश टू वेब' करताना मी तो कॉलमही सोबत सोडला. सहा दिवस सगळ्या जगाला दिसत होता. त्यातल्या एका चिडक्या मालकाच्या पुतण्याने मला स्क्रीनशॉट पाठवला. त्याखाली काहीच लिहिलं नव्हतं, नुसता स्क्रीनशॉट. तेव्हापासून लोकांना दाखवायचा टॅब वेगळा आहे, त्यात फक्त निवडलेले कॉलम सूत्राने येतात आणि तेवढाच टॅब प्रकाशित होतो.

फोन नंबर टाकायचा तर विचारून टाका. पाटीवर रंगवलेला असला तरी विचारा. २०२३ चा डेटा संरक्षणाचा कायदा आहे हे एक, आणि रात्री अकराला कुणाच्याही घरी फोन वाजू नये हे दुसरं. वेरूळजवळच्या एका मामांना विचारायला गेले, तर ते संशयाने म्हणाले, "ताई, नाव लिहून काय करायलाव? गुत्तेदाराकडून आलाव का?" गुत्तेदार म्हणजे कंत्राटदार; टपऱ्या उठवायची यादी करायला आलेय असंच त्यांना वाटलं. त्यांना मोबाइलवर वडिलांसाठी केलेलं पान दाखवलं, तेव्हा कुठं म्हणाले, "नंबर नको टाकू. पण बाकडं हाय म्हनून लिव्ह. सावलीतलं." ते तसंच लिहिलंय. त्यावरूनच 'बसायला' या कॉलममध्ये 'सावली' असा वेगळा पर्याय आला. एप्रिल-मेमध्ये इकडे आलात तर कळेल तो कशासाठी.

आणखी एक कॉलम तुमच्या शीटमध्ये आजच वाढवा: 'शेवटचं कधी तपासलं'. वेबसाइटवर तो नावाच्या लगेच खाली दाखवा, बारीक अक्षरांत तळाशी नको. तेरच्या त्या 'कॅफे'पुढे तारीख असती तर मी वडिलांना तिथवर चालवलं नसतं. सहा महिन्यांपेक्षा जुनी तारीख असेल तर माझं पान ती ओळ फिकी करतं, वर्ष उलटलं की यादीच्या तळाशी ढकलतं. बंद पडलेलं ठिकाण पुसू नका, 'स्थिती' कॉलममध्ये 'बंद' लिहा. पुसलंत तर दोन महिन्यांनी कुणीतरी तेच नाव नव्याने पाठवतं आणि तुम्ही भोळेपणाने पुन्हा चढवता.

तीनशे ओळी एकट्याने तपासत राहणं होणार नाही. महिन्याला पंचवीस धरा, वर्षात एक फेरी होते. मी महिन्याच्या पहिल्या रविवारी पाच-सहा फोन करते, बाकी कुणी तिकडं जाणार असेल तर गुगल फॉर्मची लिंक देते. फॉर्ममध्ये तीनच प्रश्न: उघडं होतं का, बसायला जागा होती का, स्वच्छतागृह चालू होतं का. चवीबद्दल विचारलं होतं आधी, पण लोक निबंध लिहायला लागले.

आज मूळ फाइलची एक प्रत वेगळ्या नावाने ठेवून द्या आणि प्रतीतल्या पहिल्या वीस ओळींचे तीन टॅब करून बघा. अडलं तर फोन नंबर काढून त्या वीस ओळी खाली टाका. शनिवारी दुपारनंतर मला वेळ असतो.